बंद कॉम्प्युटर आणि शैलेंद्रचा दुपारचा चहा

डब्लिन, ओहायो

ती. शुभाताईस,

गिरीशचा दंडवत. (गुडघा वाकत नाही म्हणून मनातल्या मनात घातलाय, पण पोचला असं समज.) मोतीबिंदू काढल्यावर तुला शेजारणींच्या सुरकुत्या दिसायला लागल्या आणि तू त्यांना तसं सांगितलंस, हे तुझ्या नातवाकडून, राजसकडून कळलं. डोळ्यांना जप. बोलण्यालाही जप. कांचन मजेत आहे, माझी शुगर ठीक आहे.

भोपळ्यांच्या शेतातले तुझे फोटो अजून आले नाहीत म्हणून तू फोनवर रागावलीस, आणि मी कारण सांगायला लागलो तर ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. फोटो कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि कॉम्प्युटर बंद पडलाय. म्हणजे तसा अगदी बंद नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह उमटतं, आपल्याला वाटतं झालं काम, आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी ओळ येते, की सुरू व्हायला लागणारी डिस्क सापडत नाही, कुठलंही बटण दाबा. दाबलं की तीच ओळ पुन्हा. (मी सगळी बटणं दाबून पाहिली. तो ‘कुठलंही’ म्हणतो ते उगीच.)

आता मी जन्मभर पाण्याचे पंप डिझाइन केले. पंप चालू होत नसेल तर आत काय अडकलंय ते आधी बघायचं असतं. त्या हिशेबाने मी डबा जेवणाच्या टेबलावर घेतला, उघडला आणि व्हॅक्युम क्लीनर लावला. धूळ निघाली, धुळीबरोबर एक स्क्रूही गेला, तो शोधायला क्लीनरची पिशवी फोडली, आणि डब्यातली सगळी धूळ घरभर झाली. कांचनने आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली, त्यामुळे उघडलेली पोटं बघून ती घाबरत नाही. तिने एवढंच विचारलं, की टेबल कधी मिळणार. अनयाला फोन केला. (ती घोड्यांची डॉक्टर आहे हे तू सांगलीत अजून ‘जनावरांची’ म्हणून सांगतेस, त्याचा तिला राग येतो.) ती म्हणाली, ‘‘बाबा, जस्ट बाय अ न्यू वन.’’ मी विचारलं, घोडा उठला नाही तर त्याच्या मालकाला असंच सांगतेस का? तर म्हणाली, ‘‘समटाइम्स, येस.’’

मग शैलेंद्र आला. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहतो तो. तू आली होतीस तेव्हा तुझ्या पुरणपोळ्या खाऊन ज्याला गाडी चालवता आली नव्हती, तोच. बँकेचे डेटाबेस सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे ‘‘मी हार्डवेअरचा माणूस नाही यार’’ असं त्याने दारातच सांगून टाकलं, आणि बूट काढून थेट मेमरीच्या पट्ट्याच उपसल्या. त्या खोडरबराने घासून परत बसवल्या, तर कॉम्प्युटर शिट्ट्या मारायला लागला. (शैलेंद्र आत्ता समोरच बसलाय. शिट्ट्या नव्हे, बीप लिही म्हणतो.) बीप थांबवायला आतली छोटी बॅटरी बदलली, तर कॉम्प्युटरची तारीख मागे गेली, आणि आता त्याच्या मते मी अजून नोकरीवर आहे. तेव्हापासून शैलेंद्र रोज दुपारी येतो. चहा होतो, चिवडा होतो, एखादी वायर बदलून होते. काल पंख्यात शेव पडली, ती कांचनच्या चिमट्याने काढली. (शैलेंद्र म्हणतो शेव माझ्या हातातली होती. नव्हती.) पण ती पांढरी ओळ काही हटत नाही. तेव्हा फोटोंना वेळ लागेल, रागावू नकोस.

कांचनचा नमस्कार, अनयाचं ‘हाय आत्या’.

तुझा, पंपांपुरता हुशार भाऊ,
गिरीश

ता. क. शैलेंद्र घरी गेला, आता मोकळेपणी लिहितो. कॉम्प्युटर गेल्या आठवड्यातच चालू झाला. अनयाने पुन्हा फोन करून विचारलं, मागे काही लावलेलं आहे का. होता, पेनड्राइव्ह होता, तुझे फोटो उतरवायला मीच लावलेला. कॉम्प्युटर बिचारा आधी त्यातच शोधायचा आणि तिथेच अडकायचा. काढला, चालू झाला. फोटो राजसला पाठवलेत, त्याच्या फोनवर बघ.

पण ताई, त्याची बायको दीपा गेल्यापासून शैलेंद्र घराबाहेर पडत नव्हता. आम्ही डबा नेला की दारातूनच घ्यायचा, थँक्स म्हणायचा आणि दार लावायचा. माझा कॉम्प्युटर बिघडला ऐकून मात्र आपणहून आला. परवा कॉम्प्युटरचा उघडा डबा बघून म्हणाला, ‘‘दीपा असती तर तिने यात कोथिंबीर लावली असती,’’ आणि हसला. तिचं नाव त्याच्या तोंडून एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं. म्हणून रोज जेवण झालं की मी पेनड्राइव्ह परत लावून ठेवतो. पण हे किती दिवस चालणार? राजस ऑगस्टमध्ये शिकायला येतोय, त्याच्या बॅगेत तुझ्याकडचं बंद पडलेलं काहीतरी घाल. मिक्सर, रेडिओ, काहीही. चालणारं नको.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी कांचनने हे वाचलं आणि हसत खुर्चीतच बसली. म्हणाली, तो पेनड्राइव्ह शैलेंद्रला पहिल्याच दिवशी दिसला होता. मी चहा टाकायला आत गेलो तेव्हा त्याने काढून पाहिला, कॉम्प्युटर चालू झालेला बघितला आणि गुपचूप परत लावला. वर तिला म्हणाला, ‘‘वहिनी, सांगू नका. रिटायर झाल्यापासून गिरीश फार गप्प झालाय, दुपारी त्याला कुणीतरी लागतं.’’

मी त्याला काही बोलणार नाही. उद्याही चहा टाकीन. वस्तू मात्र नक्की पाठव, आम्हा दोघांनाही आता कॉम्प्युटरचा कंटाळा आलाय.