कानाच्या मशीनची ट्रायल

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघे तुझं ऐकतात, की अजून त्यांचंच चालतं? भाऊजींचा खोकला कसा आहे? (सिगारेट सुटली असं तू दरवर्षी पत्रात लिहितेस, म्हणून विचारलं.) इकडे मी बरा. दात मोजके, पण कामाचे. फक्त कान बिघडले होते, त्याचीच हकीकत सांगायला बसलोय. चहा घेऊन वाच.

मला कमी ऐकू येतं हे मी मान्य करेपर्यंत सगळी गल्ली मान्य करून बसली होती. शेवटी कानाच्या मशीनच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या (मुलगी असती तर), पण हात कसबी. कानात गुलाबी लगदा भरून त्यांनी साचा घेतला. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण मापाची ही युक्ती मला कधी सुचली नाही. नाहीतर किती गिऱ्हाइकांच्या पोटांचे साचे काढून ठेवले असते! मग तीन मशीनं समोर मांडली. त्यातलं वाटाण्याएवढं मला आवडलं, पण त्याची बॅटरी बसवताना दोनदा बोटांतून निसटून टेबलाखाली गेली. म्हणून कानामागे बसणारं घेतलं.

आता माझा शहाणपणा ऐक. आठवड्याने ट्रायलला बोलावलं. डावा साचा टोचत होता, उजवा सैल होता आणि मान वळवली की शिट्टी मारत होता. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? मी म्हणालो, झकास! का, तर जन्मभर मला एकाच तऱ्हेच्या गिऱ्हाइकाचा राग आला. काखेत जरा ओढतंय म्हणून जे कपडा परत आणतं त्याचा. (भाऊजींचा निळा कोट आठव. चार वेळा उसवला.) त्या माळेतला मणी आपण व्हायचं नाही, म्हणून कान लाल करून, शिट्ट्या मारत घरी आलो.

घरी काय ऐकू आलं सांगू? फ्रिज. माझ्याच सपाता. नळाचं ठिबकणं. पेपर उलगडला तर पत्रे कोसळल्यागत दचकलो. आठ दिवस सकाळपासून मशीन लावून बसत होतो, पण माणसाचा आवाज काही येईना. तेव्हा तावातावाने दुकानात गेलो आणि सांगितलं, हे मशीन वस्तूंचंच ऐकतं, माणसांचं पकडत नाही. बाईंनी साचे घासून नीट बसवले, शिट्टी बंद केली, खोटं बोललो म्हणून मला झापलं आणि मग सहज विचारलं, “आजोबा, घरात बोलतं कोण?”

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना चटकन कळलं. मला कळायला आठ दिवस लागले. फार वाईट वाटलं, ताई. मी त्यांच्या दुकानातल्या पंख्याची चौकशी केली, केवढ्याला घेतला म्हणून.

त्या म्हणाल्या, ज्याचा आवाज चांगला ओळखीचा आहे असं माणूस घेऊन या, त्याच्या आवाजावर मशीन जुळवू. आणतो की, म्हणालो. (तोंड काय, हो म्हणून मोकळं होतं.) नेणार कुणाला? खालच्या इस्त्रीवाल्याला नेलं. तो बिचारा खुर्चीत बसून मोठ्याने शर्टपँटी मोजत राहिला. बाईंनी विचारलं, यांचा आवाज पूर्वीसारखा वाटतो का? आता पूर्वीचा कुठून आणू? आमचा सहा वर्षांचा व्यवहार बोटांवर चाललाय. दोन बोटं, दोन शर्ट. (आवाज गोड आहे त्याचा. मला वाटलं होतं, घोगरा असेल.) बाईंनी पुढची तारीख दिली.

बाकी सगळं ठीक. एकटंबिकटं काही वाटत नाही, उगाच काळजी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. पुढची तारीख मंगळवार, सकाळी अकरा. तुझ्या गुडघ्यांना प्रवास सोसत नाही, ठाऊक आहे. तरी दुकानाला पायऱ्या नाहीत, हे आपलं सांगून ठेवतो.

आणखी एक ता. क. दर रविवारी तू फोनवर तासभर बोलतेस. ताई, तुझी भावजय गेल्यापासून त्यातला एक शब्द मला कळलेला नाही. ती असताना ती मला ओरडून सांगायची. नंतर मी आपला थोड्या थोड्या वेळाने ‘हो ना’, ‘असं का’, ‘बरं बरं’ म्हणत राहिलो. मशीन आल्यावरही फोन टेकवला की शिट्टी, म्हणून रविवारी ते काढूनच बसलो. फोन ठेवावासा कधी वाटला नाही. कुणीतरी माझ्याशी बोलतंय, एवढं तर कळत होतं. आता रागावली असशील. तो राग तसाच धरून मंगळवारी ये आणि बाईंसमोर खुर्चीत बसून मला खणखणीत झाप. मशीन त्याच आवाजावर जुळवायचं आहे.