झाकण तुझ्याकडे, चहादाणी माझ्याकडे

चिमे,

सगळ्यात आधी टपकली माझी नात! दारातूनच ओरडली, "आजी, माणसं आणलीत!" तिला बघूनच माझं आजारपण निम्मं पळालं बघ. मागून संग्रहालयातले दोघं आले. आपल्या आजोबांनी घडवलेली चांदीची चहादाणी त्यांना कपाटात मांडायचीय, खाली आजोबांचं नाव लिहून.

मग भिंग निघालं. चहादाणी पालथी करून उजेडात धरली. तळाशी माशाचा ठसा. एक म्हणाला, "आजी, मासा दोन कारागीर उमटवायचे. पोटाखाली चांदणी असेल तर ठसा तुमच्या आजोबांचा. इथं चांदणीची जागाच झिजलीय." झिजेल नाहीतर काय! आईनं जन्मभर राखेनं घासली. मी घसा फोडून सांगतेय, आजोबांना तो ठसा ठोकताना या डोळ्यांनी पाहिलंय, तर गोड हसून म्हणतात, "चांदणी दिसायला हवी." असा वैताग आला!

"झाकणावरही ठसा असेल. झाकण कुठंय?" काय सांगू? की वाटणीच्या वेळी दोघी बहिणी हटून बसल्या, मी चहादाणी उचलली आणि तू झाकण? अगं, झाकणातून चहा पितेस का?

आधीची पत्रं रागानं लिहून उशीखालीच ठेवली, हेही बहुधा तिथंच जाईल. पण आपल्या हट्टापायी आजोबांच्या चहादाणीखाली दुसऱ्याचंच नाव लागेल गं. झाकण घेऊन तूच ये ना. ते गुरुवारी परत येतो म्हणालेत.

तुझीच हट्टी ताई