शून्य दुखणं

८ जाने.
सर्जन सरांनी आज माझा ब्लॉक बंद केला. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या लेकराच्या छातीच्या नसा सुईनं बधिर केल्या, की जागं झाल्यावर त्याला कमी दुखतं. भूल देणारीनं एवढंही करू नये? सगळ्या ओटीसमोर म्हणाले, "मॅडम, वीस मिनिट टेबल अडवून राहिल्या तुमी. काहून? वार्डातले तक्ते पाहा, बिनाब्लॉकच्या पोरायचं दुखणं शून्य!" सगळे हसले. मीही हसले, त्याचीच जास्त चीड.
पुढच्या महिन्यात अकोल्याला डॉक्टरांची सभा, मीही बोलणार आहे. तिथे भर सभेत यांचं नाक कापलं नाही तर नाव बदलीन.

१५ जाने.
जुने तक्ते काढले. सिस्टर दर पाळीला पोराचं रडणं पाहून दुखण्याचा आकडा लिहितात. ब्लॉकवाली माझी पोरं, शून्य. बिनाब्लॉकची, तीही शून्य. छाती उघडून शिवलेलं लेकरू, आणि शून्य? दातओठ खात बसले.

२१ जाने.
सापडलं!
वरूडची पूर्वा, ऑपरेशनचा दुसरा दिवस, ब्लॉक नाही. सकाळी पाहिलं तर ताठ पडलेली, चादर मुठीत, डोळ्यांतलं पाणी कानात चाललेलं. आवाज नाही. आई कौतुकानं सांगते, "लय शहाणी हाय मॅडम. रडलं तं टाके उसवतात, काळीज बाहीर येते, सांगून ठेवलं तिले."
कोणी सांगितलं? तर आपल्या वंदना सिस्टरनी. "सगळ्याच पोरायले सांगतो मॅडम. वार्ड शांत राहते."
म्हणजे तक्त्यात शून्य होऊन उतरली ती भीती. लगेच औषध दिलं. पूर्वाला म्हटलं, रड बाई, टाके पक्के आहेत. तिनं आधी आईकडे पाहिलं. मग जी रडली.
आणि मला आनंद झाला. सर तावडीत सापडले म्हणून. लाज वाटायला हवी होती.

२४ जाने.
सभेत दाखवायला सरांचे, म्हणजे बिनाब्लॉकचे, शून्य लाल रंगात मांडले. दहा वेळा पाहिले. मन भरेना.
दुपारी वंदना सिस्टर चहा देता देता म्हणाल्या, "तुमच्या ब्लॉकच्या पोरायलेबी तेच सांगत होतो न आमी."
चहा तसाच राहिला.
माझा एखादा ब्लॉक फसलाही असेल. ते लेकरूही असंच ताठ पडून असेल, आणि मी शून्य वाचून खुशाल घरी…

२ फेब्रु., अकोला
सभागृह. सर पहिल्या रांगेत. मघाशी खांद्यावर थाप मारून गेले, "काय मॅडम, आज आमचा पंचनामा का?"
फक्त त्यांचे शून्य दाखवले तर ते एकटे पडतात. माझे शून्य कोणी विचारणार नाही, सिस्टर तिकडे अमरावतीच्या आमच्या वार्डात. माझेही दाखवले तर दोघंही पडतो, आणि सर जोरात हसतील. पण मग वार्डात सिस्टर पोरांना काय सांगतात, हे कोणीतरी विचारेल.
नाक अजूनही कापायचंच आहे. दोन्ही तक्ते आणलेत. माझ्या आधीच्या वक्त्यासाठी टाळ्या सुरू झाल्या.