माडीवरची कुलूपबंद खोली

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि भांडायला मला आत्ता सुचतंय! तुमचं भिवंडीचं लॉज पाडून तिथे गोदाम होणार आहे. त्याआधी काल मी माडीवरच्या त्या खोलीचं कुलूप फोडलं.

कुठली खोली, हे विचारू नका. चांगलं ठाऊक आहे तुम्हाला!

खाली एकेक खाट दोघांत. दिवसपाळीचा लूमवाला उठून गेला की रातपाळीचा त्याच खाटेवर आडवा. एवढी जागेची मारामार, मग माडीवरची अख्खी खोली कोणासाठी? तिथे जेवण तुम्ही स्वतः का न्यायचात?

आई अंजूरला घरी कुढत बसायची. "बाई हाय त्याची. मना काय कलत न्हाय?" तिची जुनी लुगडीसुद्धा नाहीशी व्हायची. मी तिच्याच बाजूची. तुम्ही घरी आलात की आधी तुमच्या सदऱ्याचा वास घ्यायचे मी, बाबा! आणि तुम्ही गप्प. गप्प माणसावर संशय वाढतो, एवढंही कळू नये?

काल आत ती लुगडी सापडली. हातरुमालाएवढे तुकडे करून, घडी घालून ठेवलेली. शेजारी एक खाट, एक थुंकदाणी. बाईची खूण कुठेच नाही.

लॉजमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले अकबरचाचा सोबत होते. म्हणाले, "बेटी, टीबीवाला दिवसभर पडून कसा राहणार? दुसऱ्या शिफ्टवाला उठवायला येतोच ना! सेठ त्याला गुपचूप वर आणायचे. खाली समजलं असतं तर सगळे पळाले असते."

"आणि लुगडी?"

"लूमचं कोरं कापड तोंडाला टोचतं, बेटी. खोकणाऱ्याला मऊच पाहिजे."

खरं मानू? चाचा तुमचे दोस्त. तुम्हाला पाठीशी घालणारच!

पण घरातलं चाचांना कुठून ठाऊक असणार? तुम्ही ओटीवर वेगळे झोपायचात. ताट-पेला स्वतः घासायचात. आई म्हणायची, याचं मन उडालं आपल्यावरून. ते आम्हाला जपणं होतं, बाबा? आणि तुमचा शेवटचा खोकला? तो खरंच बिडीचा होता?

सांगितलं असतंत तर आईनं तुम्हाला तिथे जाऊ दिलं नसतं, कबूल. पण तुम्ही तिला जन्मभर सवत दिलीत, तीही नसलेली!

उद्या, माडी पडायच्या आत, मी आईला त्या खोलीत नेणार आहे. आधी ती रडेल, मग तुम्हाला शिव्या घालेल. मी तिला अडवणार नाही, हे माझं वचन. तुम्ही निमूट ऐकून घ्या.

तुमची,
सुमन