वाटी 'नाही'वर गेली

पुसद, ता. ३ नोव्हेंबर १९६१

चि. विमल हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि.

डोमाजीरावांना जाऊन वर्ष झालं. राळेगावचं घर पुतण्याच्या हवाली कर आणि इकडे कायमची राहायला ये, हे मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात माणसाचा आवाज नाही. मनाच्या गूढ शक्तींवर पुस्तकं लिहिणाऱ्याला कसलं आलंय एकटेपण, असं लोकांना वाटतं. इंदूर-मुंबईहून वाचकांची पत्रं येतात, गेलेला मुलगा बोलेल का म्हणून. सगळ्यांना उत्तरं देतो आणि मग चुलीपाशी उभ्यानंच भाकर खातो.

हट्ट पुरे. यवतमाळला एस.टी. बदल, इथल्या स्टँडवर मी असेन.

वाट पाहणारा,
भगवान

राळेगाव, ता. १२ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप दादांच्या पायी विमलचा नमस्कार. वि. वि.

एवढे मोठे शास्त्री, अन् उभ्यानं जेवता! बसून खात जा बापा.

तुमचं पत्र वाचून मी ट्रंक काढली होती. पण ह्यांना विचारल्याबिगर कशी येऊ? तुमच्याच पुस्तकातलं वाचून पाटावर खडूनं 'हो' अन् 'नाही' लिहिलं, मधात वाटी उपडी घातली अन् जमनीले समोर बसवलं. तांड्यावरची बाई आहे, लिहाया-वाचाले येत नाही, आपल्या वावरात कापूस वेचणीले येते. आधी भ्याली. म्हणे, गेलेल्या माणसाले कायले उठवून राह्यल्या? मंग दोघींनी बोटं ठेवली. मी ह्यांचं नाव घेऊन विचारलं, दादाकडं जाऊ का? वाटी तीनदा 'नाही'वर गेली. मले रडूच आलं.

आता ह्यांचा शब्द कसा मोडू? राग मानू नका.

तुमच्या मायेत असू द्या,
विमल

पुसद, ता. २० नोव्हेंबर १९६१

चि. विमल हीस आशीर्वाद. वि.

तुझं पत्र वाचून पुष्कळ दिवसांनी हसलो. वेडे, ते पुस्तक मी तिशीत लिहिलं. पुढे मानसशास्त्र शिकलो, शेकडो बैठका पाहिल्या. वाटी कोणी मेलेला हलवत नाही. आपल्या मनाच्या तळाशी जे असतं ते बोटात उतरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जमनीला अक्षरओळख नाही. मग वाटी नेमकी 'नाही'वर नेली कोणी? तूच! डोमाजीरावांनी नाही.

नव्या पुस्तकाला हा दाखला अगदी चपखल आहे. 'एक विधवा' असं लिहून पानभर मजकूर केलाही. एवढं कळव: बोट उजव्या हाताचं की डाव्या? रडू वाटी हलण्याआधी आलं की नंतर? झोप किती लागते?

आता अडचण उरली नाही. निघ.

तुझा,
दादा

राळेगाव, ता. २ डिसेंबर १९६१

तीर्थरूप दादांस नमस्कार. वि. वि.

तुम्ही म्हणता ते मानलं. वाटी मीच नेली. मंग 'नाही' म्हणणारी बी मीच ना?

देवाशपथ, मले हे माहीत नव्हतं. दोन दिवस इचार केला, काहून म्हटलं असेल मी नाही? मंग तुमचं पत्र पुन्हा वाचलं अन् समजलं. बोटाचं विचारलं, रडण्याचं विचारलं, पण विमल, तू कशी आहेस, हे कुठंच नाही; आधीच्या पत्रांत बी नव्हतं. मी बी एकटीच आहे, दादा. घर खायले उठते. जमनी वेचणी झाली की ओसरीत बसते, चहा पिते. तिले ना मन समजते ना शास्त्र, पण मी रडली की ती बी रडते. तुमच्याकडं आली तर तुम्ही ते वहीत लिहाल. मले भाऊ पाहिजे होता.

बोट उजव्या हाताचं. लिहून घ्या.

तुमचीच,
विमल

पुसद, ता. ९ डिसेंबर १९६१

चि. विमल,

आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ? ते पान चुलीत घातलं. पण पान जाळून माझी खोड जाते थोडीच!

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. तुझी वहिनी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही मी उशाशी वही घेऊन बसायचो. तिची स्वप्नं टिपायचो. एकदा ती म्हणाली, वही ठेवा हो, माझा हात धरा. विमल, मी ते वाक्यसुद्धा लिहून घेतलं. मग हात धरायचा राहूनच गेला.

तू ये असं आता म्हणत नाही. मीच चार दिवस राळेगावला येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल, पण पत्र टाक.

दादा