दुधात न्हालेला फ्लेक्स

६ मे
मढला, गावच्या घरी पोचलो. सयाजीदादा लढाईवर गेलाय, घरात पुरुषमाणूस हवा म्हणून आईने स्वतः फोन करून बोलावलं. पुण्यात मी अरिहंतबरोबर संसार करतो हे कळल्यापासून तिने बोलणं टाकलं होतं. आज मासवडी करून वाढली! दादाने जखमी सोबत्याला खांद्यावरून आणल्याचा व्हिडिओ देशभर गाजतोय, त्याचं पुण्य मलाही लागलं असावं. आठवड्यात परततो, असं अरिहंतला कबूल केलंय.

८ मे
एसटी थांब्यावर दादाचा मोठा फ्लेक्स लागला. त्याचा धड फोटो मिळेना, म्हणून फ्लेक्सवाल्याने माझाच काढला. आम्ही दिसायला सारखे. वर्दी आणि मिशी त्याने कॉम्प्युटरवर चढवली. मला हसू आवरेना. मग लोकांनी त्यावर दुधाचे कॅन ओतले. उन्हात दूध नासलं, माश्या घोंगावल्या. चांगलं प्यायचं दूध! किळस आली.

१० मे
घासून घासून अंघोळ केली, तरी अंगाला नासक्या दुधाचा वास. काखेत चिकट पांढरा थर साचतो. खरवडला की पुन्हा येतो. सकाळी गुळगुळीत दाढी केली, दुपारी ओठावर दादाची मिशी. शेजारचे भागूकाका म्हणाले, सयाजीराव, लई नाव काढलं राव. मी समर्थ, असं सांगितलं तर नुसते हसले.

१२ मे
थांब्यावर पुन्हा दूध ओतलं. इकडे माझ्या तोंडात आंबट गुठळ्या. भडाभडा ओकलो. वहिनीने पाठ चोळली आणि माझं अंथरूण तिच्या खोलीत घातलं. शिसारी आली, स्वतःच्या कातडीचीसुद्धा. पुण्याची एसटी गाठली. लोकांनी घोषणा देत उतरवलं, खांद्यावर घेऊन घरी आणलं.

१३ मे
फौजेतून फोन. दादा गेला.
आई रडली नाही. म्हणाली, सयाजी तर घरात हाय. गेला त्यो समर्थ व्हता.
सगळ्या गावाने मान डोलावली – वहिनीनेही –

१४ मे
नवा फ्लेक्स. श्रद्धांजलीचा. खाली माझं नाव –

१५ मे
अरिहंत आलाय. ओटीवर रडतोय. मला हात जोडून ‘दादा’ म्हणाला. मी हाक मारली – आवाज दादाचा. त्याने मान वरही केली नाही.
अक्षर अजून माझं आहे. हे पान फाडून त्याला देतो –
अरिहंत, मी मेलो नाही. मी तुझा –
माझा धाकटा भाऊ समर्थ फार गुणी होता, पण त्याला –