परत केलेली कार्डं

कॅन्सस, २ मार्च १९७४

ती. व्हर्नाआत्यास ऑरिनचा सा. नमस्कार.

वि. वि. अक्रोडाचा केक पोचला. ऑफिसात कुणाला दाखवला नाही, सगळा मीच खाल्ला.

मी काळजीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी २९ मार्चपर्यंत मुख्य विषय ठरवला नाही, तर कॉलेजातून नाव कमी होतं. ज्यांचं ठरत नाही ती मुलं सल्ल्यासाठी कॉलेजातल्या आमच्या ऑफिसात येतात. सल्ला मिसेस स्टॅनार्ड देतात. मी नुसते कागद लावतो. पण त्या आजारी आहेत, आणि डेल्फीन ऱ्होड्स नावाची मुलगी माझ्यापुढे येऊन बसली. वडिलांचं औषधांचं दुकान आहे, म्हणून तिने रसायनशास्त्र घ्यावं असं घरचं म्हणणं. तुला काय हवंय, असं मी विचारलं. म्हणाली, मला काही हवंसंच वाटत नाही. मग गुण पाहून मी वाणिज्य सुचवलं. ती रडायला लागली.

स्वतः दोन वर्षांत कॉलेज सोडलेला मी, तिला काय सांगणार? तूच सुचव.

तुझा,
ऑरिन

हार्लन, १० मार्च

चि. ऑरिनास अनेक आशीर्वाद.

आइस्क्रीमच्या दुकानात अर्धा तास उभा राहून शेवटी व्हॅनिला घेणारा तू, आणि तुझ्याकडे सल्ल्याला लोक येतात. हसून हसून कोंबड्यांना दाणा टाकायचा राहिला.

मला त्यातलं काय कळणार? पण तुझ्या पलंगाखालची ती बुटांची खोकी आधी फेकून दे. मागच्या खेपेला मी अकरा मोजली. खोली मोकळी झाली की डोकंही होईल. आणि नीट जेवत जा.

माया आहे तशीच आहे.
आत्या

कॅन्सस, ३० मार्च

ती. आत्यास सा. न.

खोकी फेकायची ठरवली, पण न बघता टाकवेना. नावनोंदणीच्या दिवशी व्यायामशाळेत प्रत्येक विषयाचं टेबल असतं आणि वर्गातल्या जागांइतकीच कार्डं; कार्ड मिळालं तरच वर्गात जागा. आठला दार उघडलं की मुलं धावत सुटतात. कार्ड देताना त्यावर नाव आणि वेळ घालतात, परत घेतानाही वेळ घालतात. मन बदललेली मुलं कार्ड परत करतात, ती माझ्याकडे येतात. टाकून दे असं कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ती विषयवार लावून घरी त्या खोक्यांत ठेवली होती. या वेळी नावांप्रमाणे लावली.

डेल्फीनची चार निघाली. चारही सत्रांत पहिलं कार्ड भूगर्भशास्त्राचं, आठ वाजून एक-दोन मिनिटांचं. दर वेळी तासाभरात परत.

मी ती कार्डं तिच्यापुढे मांडली. तिने वरच्या वेळा पाहिल्या. मग म्हणाली, मी सकाळी सहापासून दाराशी उभी असायचे, जानेवारीत बर्फातसुद्धा.

काल तिचे वडील आले. तुमचं स्वतःचं शिक्षण किती, असं त्यांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग त्यांनी कार्डं एकेक करून वाचली आणि ही परत का केलीस, असं तिला विचारलं. ती म्हणाली, तुमच्यासाठी. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. पाचला दहा कमी असताना अर्ज दाखल झाला: भूगर्भशास्त्र.

मिसेस स्टॅनार्ड परत आल्या आहेत. पहिल्या वर्षाच्या एकेचाळीस मुलांचा विषय अजून ठरायचा आहे. त्यांनी माझं टेबल स्वतःच्या शेजारी लावून घेतलं आणि त्या मुलांची परत केलेली कार्डं बघायला सगळी खोकी मागवली. ती आता कपाटात आहेत, वर नीट लेबलं लावून. डेल्फीनने दिलेला करडा दगड मी कागदांवर ठेवतो.

पलंगाखाली जागा झाली आहे, तेवढं तुझं ऐकलं. पुढचा केक मोठा कर. तो मी ऑफिसात नेणार आहे.

तुझा,
ऑरिन